कमी सोडियमचे मीठ: हृदयरुग्णाच्या घरी घ्यावे का?

हृदयविकार झालेल्या माणसाच्या आहाराचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा तेलातुपापासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. करडईचे तेल बरे की शेंगदाण्याचे, घाण्याचे घ्यावे की रिफाइंड, भातावरचे तूप बंद करावे की नाही, यावर घरोघरी हिरीरीने बोलले जाते. मिठाचा प्रश्न मात्र 'जरा हात आखडता ठेवा' एवढ्या सूचनेवर मिटतो. वास्तविक उच्च रक्तदाब हे हृदयविकार आणि पक्षाघात या दोहोंमागचे फार मोठे कारण आहे आणि रक्तदाबाचा मिठाशी असलेला संबंध वैद्यकशास्त्राने पुरेसा तपासून पाहिलेला आहे. रक्तातले सोडियम वाढले की शरीर पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते, रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरचा ताण वाढतो आणि तो ताण वर्षानुवर्षे सोसणाऱ्या हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होत जाते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम, ही मर्यादा सांगितली आहे. त्याच संघटनेच्या अंदाजानुसार जगातला माणूस सरासरी त्याच्या दुप्पट मीठ खातो.

वडिलांची अँजिओप्लास्टी झाल्यानंतर आमच्या घरी कमी सोडियमचे मीठ आले आणि तेव्हापासून रोजचा स्वयंपाक त्यावरच होतो. किराणा दुकानात ते 'लो सोडियम मीठ' किंवा नुसते 'बीपीचे मीठ' म्हणून मागितले तरी मिळते. हे परीक्षण त्या वस्तूचे आहे. कंपन्यांची नावे मी मुद्दाम घेत नाही, कारण पाकिटावरच्या नावापेक्षा पाकिटामागच्या तक्त्यातले दोन आकडे ग्राहकाला अधिक उपयोगाचे आहेत आणि ते वाचता आले की कोणत्याही कंपनीचे पाकीट पारखता येते.

साधे मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. त्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३९ ग्रॅम सोडियम असते. कमी सोडियमच्या मिठात यातला काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले असते. घटकांच्या यादीत ते नावाने किंवा ५०८ या क्रमांकाने लिहिलेले आढळते. मला दुकानांत मुख्यतः दोन प्रकार मिळाले. पहिल्यावर '१५ टक्के कमी सोडियम' असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते आणि तो जवळपास सगळीकडे मिळतो. दुसऱ्यात सोडियम सुमारे ३० टक्क्यांनी कमी असते. तो मोठ्या दुकानांत किंवा ऑनलाइन शोधावा लागतो. तक्त्यात १०० ग्रॅममागे ३३,००० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम दिसले तर पाकीट पहिल्या प्रकारचे आणि २७,००० च्या आसपास दिसले तर दुसऱ्या प्रकारचे समजावे.

या दोन प्रकारांतला फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण स्वयंपाकघरात तो तसा राहत नाही. समजा, एखादी व्यक्ती दिवसाला १० ग्रॅम मीठ खाते आणि त्यातले ८ ग्रॅम घरच्या स्वयंपाकातून येते. पहिल्या प्रकारचे मीठ वापरल्यास तिच्या पोटात जाणारे सोडियम सुमारे सव्वा ग्रॅम साध्या मिठाइतके कमी होईल, तर दुसऱ्या प्रकाराने ते जवळजवळ अडीच ग्रॅमइतके कमी होईल. १५ टक्क्यांच्या मिठाची चव साध्या मिठाच्या अगदी जवळ असल्यामुळे ते घरात सहज खपते, हे खरे आहे. परंतु आमटी थोडी अळणी लागली म्हणून हातून चिमूटभर जास्त पडले की मिळालेला लाभ तिथेच संपतो. माझे मत स्पष्ट आहे: प्रकृतीच्या दृष्टीने चालणार असेल तर ३० टक्क्यांचेच मीठ घ्यावे, आणि ते मिळत नसेल तरच १५ टक्क्यांच्या पाकिटाकडे वळावे.

हे मत केवळ हिशेबावर बेतलेले नाही. आहार आणि हृदयविकार यांच्या संबंधातले बरेच सल्ले निरीक्षणांवर आधारलेले असतात. अमुक पदार्थ खाणाऱ्यांत हा आजार कमी आढळला, इतकेच त्यांतून कळते आणि त्या माणसांच्या इतर सवयींचा वाटा किती होता हे नीट वेगळे काढता येत नाही. मिठाच्या या बदलाची मात्र प्रत्यक्ष प्रयोग करून परीक्षा झालेली आहे. उत्तर चीनमधील ६०० खेड्यांत जवळपास २१,००० माणसांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निम्म्या गावांना नेहमीचे मीठ चालू ठेवायला सांगितले गेले आणि निम्म्या गावांतील सहभागी कुटुंबांना ७५ टक्के सोडियम क्लोराइड व २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ पुरवले गेले. सहभागी माणसे बहुतांशी वयस्क होती. त्यांतल्या बऱ्याच जणांना आधी पक्षाघात होऊन गेला होता आणि इतरांपैकी पुष्कळांना उच्च रक्तदाब होता. सुमारे पावणेपाच वर्षांच्या पाठपुराव्यात बदललेले मीठ खाणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी, हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटनांचे १३ टक्क्यांनी आणि मृत्यूचे १२ टक्क्यांनी कमी आढळले.

टक्क्यांनी माणूस भुलतो, म्हणून तेच दुसऱ्या रीतीने सांगते. साधे मीठ खाणाऱ्या अशा १,००० माणसांत वर्षाला सुमारे ३४ पक्षाघात झाले आणि बदललेले मीठ खाणाऱ्या १,००० माणसांत सुमारे २९. गोळी न वाढवता, व्यायामाचा आग्रह न धरता, ताटातला एकही पदार्थ न बदलता, केवळ मिठाच्या बरणीतला माल बदलून दर हजारी चार-पाच माणसे पक्षाघातापासून वाचत असतील, तर तो आकडा मला लहान वाटत नाही.

याआधी तैवानमध्ये निवृत्त सैनिकांच्या एका निवासातील ५ स्वयंपाकघरांवर असाच प्रयोग झाला होता. त्यातल्या काही स्वयंपाकघरांत पोटॅशियमयुक्त मीठ वापरले गेले आणि तिथे जेवणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील मिठात पोटॅशियम क्लोराइड जवळपास निम्मे होते आणि सहभागी सगळे वृद्ध पुरुष होते, म्हणून तो आकडा जसाच्या तसा आपल्या घराला लावू नये. आपल्याला अधिक जवळचा आहे तो तेलंगणातील ग्रामीण भागातला अभ्यास: रक्तदाब असलेल्या ५०२ माणसांपैकी निम्म्यांना तीन महिने ७० टक्के सोडियम क्लोराइड व ३० टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ दिले गेले आणि साध्या मिठाच्या गटाच्या तुलनेत त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ४.६ अंकांनी उतरला. भाकरी, भात, आमटी आणि लोणचे खाणाऱ्या घरांवर या मिठाचा परिणाम होतो का, या प्रश्नाचे उत्तर त्यात बरेचसे मिळते.

आपल्या घरांत हे मीठ विशेष उपयोगी पडण्याचे आणखी एक कारण आहे. अमेरिकेसारख्या देशात पोटात जाणाऱ्या सोडियमपैकी ७० टक्क्यांहून अधिक भाग पाकीटबंद आणि हॉटेलच्या अन्नातून येतो. तिथे घरातली बरणी बदलून फारसे काही साधत नाही. आपल्याकडे अजूनही बहुतेक मीठ घरातल्या माणसाच्याच हाताने, गॅसजवळच्या डब्यातून, कणकेत, भातात, भाजीत आणि वरणात पडते. 'मीठ चवीनुसार' असे लिहिणाऱ्या आपल्या पाककृती तो निर्णय पूर्णपणे घरावर सोपवतात. म्हणजे ज्या ठिकाणाहून सोडियम येते, नेमक्या त्याच ठिकाणी हा बदल होतो.

अर्थात त्याचा हात सगळीकडे पोहोचत नाही. विकतचे फरसाण, शेव, वेफर्स, पाव, खारवलेला बांगडा, सुके बोंबील, सांडगी मिरची आणि लोणच्याचा खार यांतले सोडियम जसेच्या तसे राहते. पापडात मीठ असतेच आणि शिवाय पापडखार असतो. त्या खारातही सोडियम असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ढोकळ्यात किंवा भज्यांच्या पिठात पडणाऱ्या खायच्या सोड्याचेही तसेच आहे. बीपीचे मीठ आणले म्हणून जेवणात रोज दोन पापड वाढून घेणाऱ्या माणसाचा रक्तदाब उतरण्याची अपेक्षा त्या मिठाकडून करणे अन्यायाचे होईल.

आता चव. पोटॅशियम क्लोराइडला खारटपणाबरोबर एक कडवट, किंचित धातूसारखी चव असते आणि ती कुठे लपते व कुठे उघडी पडते हे पदार्थावर अवलंबून आहे. चिंच, गूळ आणि गोडा मसाला घातलेल्या आमटीत, मटकीच्या उसळीत, भरल्या वांग्यात किंवा पिठल्यात आमच्या घरी कोणालाही फरक ओळखता आला नाही. भाकरीच्या पिठात आणि भातातही नाही. साध्या वरणात तो जेमतेम जाणवतो आणि लिंबू पिळले की नाहीसा होतो. पण ताकात तो लगेच कळतो. पहिल्याच दिवशी आई पेला खाली ठेवत म्हणाली, "औषधासारखं काहीतरी लागतंय गं." काकडीच्या चकत्यांवर, उकडलेल्या अंड्यावर, कैरीच्या फोडीला लावून, म्हणजे जिथे मीठ शिजत नाही आणि दाणे थेट जिभेवर येतात तिथे, हे मीठ कडवटच लागते. ताकात भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि आल्याचा रस घातला तर मिठाची गरज निम्म्यावर येते आणि कडवटपणाही मागे पडतो. काकडीला दाण्याचे कूट, लिंबू आणि मिरची पुरेशी होते.

ताटात वरच्या बाजूला लिंबाच्या फोडीशेजारी मीठ वाढण्याची आपली पद्धत आहे. ताटातले ते चिमूटभर मीठ आम्ही बंद केले आणि माझ्या मते हा बदल पाकीट बदलण्याइतकाच महत्त्वाचा आहे. या मिठाची कडवट चव त्या ठिकाणी एक प्रकारे मदतच करते: वरून घ्यायची इच्छा आपोआप कमी होते. वर्षभराच्या लोणच्यासाठी मात्र मी नेहमीचेच मीठ वापरते, कारण तिथे मीठ चवीबरोबर टिकवण्याचे काम करते. त्याऐवजी लोणच्याची फोड लहान झाली आहे आणि तिच्याबरोबरचा खार ताटात येत नाही.

यापुढचा भाग या वस्तूच्या गुणदोषांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पोटॅशियम निरोगी माणसाला हितकारक असते. ते मूत्रपिंडांना सोडियम बाहेर टाकायला मदत करते आणि रक्तवाहिन्या सैल ठेवते, म्हणून या मिठाचा लाभ दुहेरी आहे. परंतु जास्तीचे पोटॅशियम शरीराबाहेर टाकण्याचे काम मुख्यतः मूत्रपिंडेच करतात. ती अधू झाली असतील तर पोटॅशियम रक्तात साठत जाते आणि ठरावीक पातळीच्या वर गेल्यास हृदयाची लय बिघडवते. ही स्थिती जिवावर बेतू शकते. ३० टक्क्यांचे मीठ दिवसाला ८ ग्रॅम खाल्ले तर सुमारे सव्वा ग्रॅम पोटॅशियम जास्तीचे पोटात जाते. मूत्रपिंडाच्या रुग्णासाठी हे थोडेथोडके नाही.

अडचण अशी की ज्या माणसाला हे मीठ घ्यावेसे वाटते त्याच माणसाला ते न चालण्याची शक्यता अधिक असते. रक्तदाबावर सर्रास दिली जाणारी टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल आणि एनालाप्रिल यांसारखी औषधे रक्तातले पोटॅशियम काहीसे वाढवतात. हृदय कमकुवत झालेल्या रुग्णाला मिळणारे स्पायरोनोलॅक्टोन तर ते चांगलेच वाढवू शकते. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात मूत्रपिंडे हळूहळू क्षीण होतात आणि त्याचे कोणतेही लक्षण पुष्कळ काळ दिसत नाही. चीनमधील मोठ्या अभ्यासात पोटॅशियम धोकादायक वाढण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते, हे दिलासा देणारे आहे. पण मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्या आणि पोटॅशियम वाढवणाऱ्या मूत्रल (लघवी वाढवणाऱ्या) गोळ्या घेणाऱ्या घरांना त्यातून आधीच वगळले होते. दुकानातल्या फळीवर अशी कोणतीही चाळणी नसते.

मी पहिले पाकीट घेतले तेव्हा दुकानदार आपुलकीने म्हणाले होते, "ताई, घरात बीपी असेल तर डोळे झाकून घ्या." त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, कारण पाकिटाने त्यांनाही काही सांगितलेले नव्हते. समोरच्या बाजूला हृदयाचे चित्र आणि टक्क्यांचा आकडा ठळक होता. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारावे ही सूचना मागे, इंग्रजीत, चष्मा लावूनही कष्टाने वाचता येईल एवढ्या अक्षरांत होती. वडील टेल्मिसार्टन घेतात. आमच्या डॉक्टरांनी आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा घटक) आणि पोटॅशियमची रक्ततपासणी करायला लावली, दोन्ही योग्य निघाल्यावरच हे मीठ सुरू करायला सांगितले आणि काही आठवड्यांनी पोटॅशियम पुन्हा तपासून घेतले. ही साधी तपासणी आहे आणि कोणत्याही तालुक्याच्या गावी होते. ती न करता हृदयरुग्णाच्या घरी हे पाकीट उघडू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ज्यांना डॉक्टरांनी शहाळे आणि केळी वर्ज्य केलेली आहेत त्यांच्या घरी तर ते आणूच नये. ज्या कारणाने, म्हणजे पोटॅशियममुळे, शहाळे बंद आहे त्याच कारणाने हे मीठही बंद असले पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये या मिठाविषयी शिफारस प्रसिद्ध केली. घरी वापरायचे साधे मीठ बदलून पोटॅशियमयुक्त कमी सोडियमचे मीठ घ्यावे असे तिने प्रौढांना सुचवले, पण ही शिफारस सशर्त ठेवली आणि गर्भवती स्त्रिया, मुले आणि मूत्रपिंडाचे कार्य बिघडलेल्या व्यक्तींना तिच्या कक्षेबाहेर ठेवले. एकत्र कुटुंबात याचे काय करायचे, हा खरा प्रश्न आहे, कारण आमटीचे पातेले सगळ्यांसाठी एकच असते. घरात मूत्रपिंडाचा रुग्ण किंवा गर्भवती असेल तर सामाईक स्वयंपाकात साधेच मीठ, पण कमी, वापरावे आणि हृदयरुग्णाच्या वाटणीच्या भाजीत शेवटी वेगळे मीठ घालावे, हा मार्ग जरा कटकटीचा असला तरी सुरक्षित आहे. मुलांच्या बाबतीत बालरोगतज्ज्ञांना विचारणे बरे.

याच फळीवर शेजारी सैंधव ठेवलेले असते आणि बरेच लोक तेच हृदयाला हितकारक समजून घेतात. सैंधव किंवा काळे मीठ यांत क्षारांचे अंश वेगळे असतात, रंग आणि वास वेगळा असतो, पण ती दोन्ही जवळपास पूर्णपणे सोडियम क्लोराइडच असतात. रक्तदाबाच्या दृष्टीने त्यांत आणि साध्या मिठात फरक धरू नये. शिवाय सैंधवात बहुधा आयोडीन मिसळलेले नसते. कमी सोडियमची जी पाकिटे मी पाहिली त्यांवर आयोडीनयुक्त असल्याचा उल्लेख होता. घेताना तो आवर्जून पाहावा, कारण घरातले सगळे मीठ बदलल्यावर आयोडीनची सोय त्याच मिठातून व्हायला हवी.

किंमत साध्या मिठाच्या दीडपट ते दुप्पट पडते. चार माणसांच्या घराला महिन्याला साधारण किलोभर मीठ लागते असे धरले तर महिन्याचा वाढीव खर्च दोन वडापावांच्या आसपास येतो. ज्या घरात दरमहा औषधांवर हजारांनी खर्च होतो तिथे ही रक्कम अडचणीची नाही. पण ज्या घरांत रक्तदाब कधी तपासलेलाच नाही आणि मीठ सर्वांत स्वस्त पाकिटाचे घेतले जाते, तिथे ती अडते, आणि तिथेच या मिठाची गरज सर्वांत जास्त आहे. रेशन दुकानातून किंवा शाळा-अंगणवाडीच्या बाहेरच्या प्रौढांसाठीच्या योजनांतून हे मीठ तपासणीसह पोहोचवता आले तर त्याचा उपयोग किती तरी वाढेल.

पाच गुणांपैकी ३० टक्क्यांच्या प्रकाराला मी चार देईन आणि १५ टक्क्यांच्या प्रकाराला अडीच. ३० टक्क्यांच्या प्रकाराचा कापलेला एक गुण चवीसाठी नाही. तो पाकिटासाठी आहे. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, टेल्मिसार्टनसारखी औषधे आणि गर्भावस्था या चारांपैकी एकही गोष्ट असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, हे एक वाक्य पाकिटाच्या समोरच्या बाजूला, हृदयाच्या चित्राएवढ्याच आकारात आणि मराठीत छापले, तर तो गुणही मी आनंदाने परत देईन.